वळचणीतलं ताट

मी मुळात भित्री आहे. पालीला भिते, विहिरीत वाकून बघायला भिते, आणि रागावलेल्या पुरुषाला तर फारच भिते. अशा बाईने लोकांच्या घरातली भांडणं ऐकण्याची नोकरी का धरली, असं आमच्या घरचे अजून विचारतात. दुसरी मिळाली नाही, हे खरं उत्तर. पण दिवाळी अंकात छापायचं तर जरा बरं उत्तर द्यावं म्हणून आठवत बसले, आणि सगळ्यात आधी समोर आलं ते साखरा गावातलं एक घर. त्या घरी मी जितकी भ्याले तितकी पुढे कधीच भ्याले नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हती, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. माझं माहेर शिरड शहापूर. आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली पदवीधर मुलगी, आणि वर समाजकार्याचं शिक्षण घेऊन आलेली. हिंगोलीच्या एका महिला मंडळाने आपल्या इमारतीतली मागची खोली मला दिली आणि दारावर पाटी लावली, 'कौटुंबिक सल्ला'. समुपदेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पाटी वाचून पहिला आला तो विचारायला की कपाशीवर कोणतं औषध मारू. आणीबाणी नुकतीच उठली होती, त्यामुळे मी खेड्यात जाऊन घरात माणसं किती असं विचारलं की पुरुष मागच्या दाराने शेताकडे पसार व्हायचे. एका म्हातारीने मला बसायलाही सांगितलं नाही. दारातूनच म्हणाली, "आमच्या घरी समद्यायचं आपरेशन झालंय बाई, तुमी फुडच्या घरी जा."

पाटीवर सल्ला लिहिलेलं असलं तरी सल्ला मी क्वचितच दिला. माझं काम ऐकायचं आणि माणसांना एकमेकांसमोर बसवायचं. कनेरगाव नाक्यावर एक नवरा-बायको हॉटेल चालवायचे. दोघांचा अबोला इतका जुना की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हिला म्हनावं भजे तळ," आणि ती गिऱ्हाइकालाच म्हणायची, "त्यायला म्हनावं बेसन संपलं." मी त्यांना खोलीत समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, मी गिऱ्हाईक, माझ्यामार्फत बोला. थोड्या वेळाने मी उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा दोघं बेसनावरून थेट भांडत होते. ही माझी सगळ्यात सोपी केस. लोकांना वाटलं बाईंनी काहीतरी मंत्र घातला.

बाकीचं काम इतकं हसण्यासारखं नसे. त्याला काही नियम होते आणि ते मी जिवापाड पाळायची. एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, नवऱ्याने सांगितलेलं बायकोच्याही नाही. ज्या प्रश्नाची सगळ्यांना भीती वाटते तो सरळ विचारायचा. लोकांना वाटतं की जीव द्यावासा वाटतो का, जीव घ्यावासा वाटतो का, असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. असलेलं बाहेर येतं, इतकंच. आणि रागावलेल्या माणसाच्या आणि दाराच्या मध्ये कधी बसायचं नाही. हा शेवटचा नियम पुस्तकातला नाही, माझ्या भित्रेपणाने शिकवलेला आहे.

ज्वारीची काढणी सुरू होती त्या दिवसांत साखऱ्याचा उत्तम आपल्या भावजयीला घेऊन माझ्या खोलीत आला. भावजय कुंता, पंचविशीच्या आतली, पदराखाली अंगावर पिणारं लेकरू. बोलला सगळं उत्तमच. त्याचा थोरला भाऊ किसन याला वेड लागलंय. बायको आपल्याला विष घालते असं म्हणतो. संक्रांतीपासून घरचं खात नाही, शेतात तीन दगडं मांडून स्वतःची भाकर स्वतः थापतो, आणि रात्रंदिवस कुऱ्हाड जवळ बाळगतो. देवर्षी झाले, अंगारे झाले. आता वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन टाकायचं, त्यासाठी कागद कसा मिळतो ते सांगा, असं त्याचं म्हणणं.

मी उत्तमला बाहेर बसायला सांगितलं आणि कुंताला विचारलं की तुला काय वाटतं. ती कितीतरी वेळ लेकराचं टोपडं नीट करत राहिली. मग एवढंच म्हणाली, "बाई, मला भ्या वाटतंय." नवऱ्याचं का, असं मी विचारलं, तर तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माहेरी जाऊन राहा म्हटलं, तर जोरात मान हलवली. मला ते विचित्र वाटलं. कुऱ्हाडीला भिणारी बाई माहेर नको म्हणत नाही.

साखरा सेनगावकडचं कोरडवाहू गाव. एसटीने सेनगाव, तिथून मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं पायी, अशी मी पोचले. किसन शेतातल्या खळ्यावर होता. उंच, हाडं वर आलेला, डोळे खोल. ज्वारीचा भुस्सा उडत होता आणि तो मधूनमधून खोकत होता. मलाही ठसका लागला, म्हणून मी त्या खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. कुऱ्हाड त्याच्या मांडीला टेकून होती. मी हिंगोलीहून आल्याचं आणि कुंताला भेटल्याचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मला येडा ठरवाया आलाव ना?" मी म्हटलं, ऐकायला आले. तुमच्यापासून लपवून काही करणार नाही. एवढं वचन मी दिलं, आणि ते पाळायची वेळ फार लवकर आली.

त्याने मला सगळं सांगितलं, आणि अगदी शांतपणे. कुंता पहिल्यापासून त्याच्या मागून त्याच्याच ताटात जेवायची. आमच्याकडे तेव्हा घरोघरी हीच रीत, नवरा उठला की त्याच ताटात बायको बसणार. बायकांच्या पोटात किती गेलं याचा हिशेब कुणी करत नसे. पण त्या रीतीत एक खात्री होती, जे त्याने खाल्लं तेच तिने खाल्लं. दसऱ्यापासून कुंताने ते बंद केलं. किसनचं ताट घासायला वेगळं काढायला लागली. वरण कडू लागायला लागलं. एकदा वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसली. उत्तम हिंगोलीहून पुडी आणून आईच्या हातात देतो, आणि आई किसनकडे बघायचं टाळते.

"मी येडा न्हाई बाई," तो म्हणाला. "मला दिसून राहिलंय."

मग मी तो प्रश्न विचारला. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं, पण विचारला. कुंताला मारावं असं तुमच्या मनात येतं का? त्याने कुऱ्हाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येतं," तो म्हणाला. "रोज येतं. मंग लेकरू दिसतं. पन कवा लेकरू दिसलं न्हाई तर?"

परतताना मी वाटेत दोनदा मागे वळून बघितलं. तो येत नव्हता, तरी बघितलं. शिक्षणात आम्हाला या आजाराबद्दल शिकवलेलं होतं. संशयाचा आजार झालेला माणूस इतर बाबतीत चांगला शहाणा असतो. दिसेल ती गोष्ट तो एका दोरीत ओवतो आणि ती दोरी कुठेच तुटत नाही. किसनचं सगळं त्यात बसत होतं. हिंगोलीला अधूनमधून बाहेरगावचे एक मनाच्या आजारांचे डॉक्टर येत, त्यांना मी हकिकत सांगितली. ते म्हणाले, वेळ घालवू नका, अशा ठिकाणी खून होतात, त्याला घेऊन या. त्यांची काही चूक नव्हती. मी जे बघितलं तेच मी सांगितलं होतं.

उत्तमला निरोप दिला, आणि सोबत बजावलं की किसनला फसवून आणायचं नाही. आधी मी येईन, घरातली सगळी माणसं बसू, त्याच्याशी बोलू. उत्तमने मान डोलावली. मी ठरल्या दिवशी साखऱ्याला उतरले तेव्हा तो वेशीवरच भेटला आणि हलक्या आवाजात म्हणाला की जीप ठरवली आहे, उन्हं कलली की मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबेल, सोबत चार गडी असतील. तुमचं बोलणं तवर उरकून घ्या. मला राग आला, पण रागापेक्षा जास्त भीती वाटली. कुऱ्हाडवाल्या माणसाला मी शब्द दिला होता, आणि चार माणसं दोर घेऊन निघाली होती.

घरी किसनची आई गोदाबाई होती. किसन शेतातून यायचा होता. गोदाबाईने माझं माहेर, आडनाव, सगळं आधीच काढून ठेवलेलं असणार, कारण मला ओसरीच्या खाली पोत्यावर बसवलं आणि चहा आला तो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या गिलासात, जो कुंताने घरातून न आणता ओसरीच्या वळचणीत खोचलेला काढला. हे मला नवीन नव्हतं. वेगळा गिलास मी लहानपणापासून ओळखते, प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि होता तिथे उपडा ठेवायचा. पदवी मिळाली म्हणून गिलास बदलत नाही. मी मुकाट्याने चहा प्यायले, गिलास विसळला आणि ठेवायला वळचणीकडे गेले.

तिथे एक ताट होतं. पितळी, कल्हई केलेलं, चांगल्या घरातलं, उपडं घातलेलं. शेजारी राखेची करवंटी आणि त्याच ताटापुरती वेगळी घासणी.

मी तिथेच उभी राहिले. हे ताट माझ्यासारख्यांसाठी नव्हतं. आम्हाला कुणी कल्हईचं पितळी ताट ठेवत नाही. हे घरातल्या माणसाचं होतं, आणि ते घराबाहेर काढलेलं होतं. कुणाचं तरी उष्टं या घराला इतकं नको झालं होतं की त्याची राखसुद्धा वेगळी. माझ्या डोळ्यांसमोर खळ्यावरचा किसन आला आणि त्याचा खोकला आला. त्या दिवशी भुस्सा उडत होता, पण खोकला भुश्शाचा नव्हता.

कुंता परसात होती. मी तिला गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि विचारलं, "त्यांना काय झालंय?" ती तिथेच खाली बसली. आधी मला शब्द मागितला की हे कुणाला सांगायचं नाही. मी दिला. नियमच तसा होता.

पोळ्यापासून किसनला खोकला होता. उत्तमने त्याला हिंगोलीला दवाखान्यात नेलं, थुंकी तपासली, क्षय निघाला. किसनला सांगितलं की छातीत कफ मुरलाय, ताकदीची इंजेक्शनं घ्यावी लागतील. कारण त्याचा बाप याच रोगाने गेला होता. डॉक्टरने बापाला रोगाचं नाव सांगितलं त्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, ते पुन्हा वळलाच नाही. अन्न टाकलं, बोलणं टाकलं. गोदाबाईच्या मते नवऱ्याला क्षयाने मारलंच नव्हतं, त्या नावाने मारलं होतं. म्हणून तिने कुंताला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. किसनच्या कानावर नाव जाऊ द्यायचं नाही. गोळ्या वर्षभर आणि वरही द्यायच्या होत्या, त्या कुटून वरणात घालायच्या. ताट वेगळं काढायला दवाखान्यातल्या नर्सनेच सांगितलं होतं, आणि पिणारं लेकरू आहे तर तू त्याच्या उष्ट्याला शिवू नको, असंही. वर धाकट्या नणंदेचं लग्न जमत आलेलं. क्षयाचं घर म्हटल्यावर कोण मुलगी करणार? उत्तमला वाटलं, दवाखान्यात टाकलं तर गावात नाव न फुटता गोळ्या तरी पोटात जातील.

म्हणजे किसनला खरंच दिसत होतं. वरण कडूच होतं, भुकटी खरी होती, पुडी खरी होती, आई खरंच नजर चुकवत होती. मी आणि डॉक्टरांनी मिळून एका चांगल्या शुद्धीवरच्या माणसाला वेडा ठरवला होता आणि त्याला बांधून न्यायला जीप निघाली होती.

मी कुंताला म्हटलं, त्यांना सांग. आत्ता, जीप यायच्या आत. ती म्हणाली, "अन् सांगितल्यावर ते बापावानी भितीकडं तोंड करून झोपले तर? आता गोळ्या पोटात जाऊन न्हाई राहिल्या, खोकला परत वाढलाय. सांगितलं तरी मीच मारनार, न्हाई सांगितलं तरी मीच मारनार." मी तिला आश्वासन दिलं असतं की तसं होणार नाही, पण मला तरी काय माहीत होतं? बाप झोपला होता हे खरं होतं.

तेवढ्यात ओसरीवर कुऱ्हाड टेकवल्याचा आवाज झाला. किसन आला होता.

ओसरी अरुंद. किसन खांबाला टेकून बसला, कुऱ्हाड मांडीखाली. गोदाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, उत्तम कणगीला टेकून, कुंता लेकराला घेऊन मध्ये. माझ्यासाठी उरलेली जागा पायरीवर, म्हणजे नेमकी किसनच्या आणि बाहेरच्या दाराच्या मध्ये. माझा नियम गेला. मी कसंबसं म्हटलं की या घरात सगळेच कशाला तरी भितात. दुसऱ्याने काय केलं ते कुणी बोलू नका, आपल्याला स्वतःला कशाची भीती वाटते तेवढंच एकेकाने सांगा. कुटुंबाला एकत्र बसवलं की मी नेहमी असंच सुरू करायची. आरोप केला की समोरचा भांडतो, भीती सांगितली की बहुतेक वेळा ऐकतो. आणि एक गोष्ट मी शब्द दिल्याप्रमाणे सांगून टाकली, की देवळापाशी जीप येणार आहे, ती किसनसाठी आहे.

उत्तम उठून उभा राहिला. किसन हलला नाही. त्याचा हात तेवढा मांडीखाली गेला.

"मला मरनाचं भ्या वाटतंय," किसन म्हणाला. "हितं, ह्या घरात, ह्यायच्या हातानं." गोदाबाई जमिनीकडे बघत होती. कुंताचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. माझ्या नियमाप्रमाणे मी गप्प राहायला हवं होतं आणि मी राहिले. दूर कुठेतरी मोटारीचा आवाज आल्यासारखं वाटलं. तो खरा होता की माझ्या डोक्यातला, ते कळलं नाही.

"वाढ," किसन कुंताला म्हणाला.

कुंता उठली. तिने वळचणीतून ताट काढलं, भाकरी आणि वरण वाढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो महिनाभराहून जास्त दिवसांनी घरच्या ताटावर बसला होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि तोंडात घातला. अन्नात विष आहे अशी ज्याची पक्की खात्री, तो माणूस आमच्यादेखत ते चावून गिळत होता. मला ओरडावंसं वाटलं. मग त्याने ताट कुंताकडे सरकवलं.

"मी घास खाल्ला. आता तू खा. पैल्यावानी. मंग मी तुझ्या पाया पडतो अन् जिपीत बसून जातो."

कुंताने सासूकडे बघितलं. मांडीवरचं लेकरू उचलून तिच्या ओटीत दिलं. मग ताट जवळ ओढलं, जिथून किसनने भाकरी मोडली होती तिथूनच तुकडा मोडला आणि वरणात बुडवला. तिने शपथ मोडली नसती. तिने तो घास खाल्ला असता, सगळा आजार पोटात घेतला असता, आणि मग तेच दूध लेकराला पाजलं असतं. तेव्हा आम्ही सगळे असंच समजत होतो. हा रोग ताटातून पसरत नाही, खोकल्यातून पसरतो, हे आज शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्या ओसरीवर ते कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. घास तिच्या ओठापर्यंत गेला. मी शब्द मोडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज आला तो गोदाबाईचा.

"टाक ते, कुंते. नको खाऊ माय. त्याच्या बापाचा रोग हाय त्याला."

कुंताचा हात तिथेच थांबला. वरण तिच्या मनगटावरून ओघळत होतं. किसनने आईकडे बघितलं, मग कुंताच्या हातातल्या घासाकडे, मग वळचणीकडे. महिनोन् महिने त्याने जे एका दोरीत ओवलं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा ओवलं जात असणार. "अन् भुकटी?" त्याने विचारलं. "गोळ्या," कुंता म्हणाली. "दवाखान्याच्या."

तो उठला तेव्हा उत्तम मागे सरला आणि मी पायरीवरून खाली उतरले, खोटं कशाला सांगू. कुऱ्हाड जागेवरच पडून होती. त्याने कुंताच्या हातातला घास काढून घेतला, ताट उचललं आणि परसात गेला. तिथे तो उकिडवा बसला आणि राखेने स्वतःचं ताट घासायला लागला. साखऱ्यात तोवर कुठल्या पुरुषाने ताट घासलं असेल असं मला वाटत नाही. त्याला ते नीट येतही नव्हतं, राख सगळीकडे सांडत होती. घासता घासता तो रडत होता. गोदाबाई दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघितली नाही. तिच्या दृष्टीने तिने आत्ताच आपल्या मुलाला मारलं होतं.

ताट धुऊन तो वळचणीपाशी आला. माझा गिलास तिथे होता. त्याने ताट त्याच्या शेजारी उपडं घातलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं अन् माझं एका जागी आलं की."

हे तो चेष्टेने म्हणाला की कसं, मला कळलं नाही. मी नुसती मान हलवली. मग त्याने कुंताला गोळ्या मागितल्या. न कुटलेली गोळी त्याने हयातीत पहिल्यांदा हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि पाण्याबरोबर गिळली. "कडूच हाय," म्हणाला. जीप आली ती उत्तमने वेशीवरूनच परत लावली. ते चार गडी बरेच हिरमुसले होते असं नंतर कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर छापायला बरी होती. पण गावभर बोभाटा झाला आणि नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडलं. दुसरीकडे जमायला फार दिवस गेले. गोदाबाईने त्याचा दोष मला दिला आणि तो मी नाकारत नाही. त्यानंतर एका सकाळी उत्तम धावत माझ्या खोलीत आला, दादा भिंतीकडं तोंड करून झोपलाय, उठून नाही राहिला. मी त्याच्याबरोबर तशीच निघाले. पोचले तर किसन खरंच भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी त्याच्या उशाशी बसून विचारलं, तेव्हा तो मान न वळवता कुजबुजला, "माय दिसभर माझ्या तोंडाकडं बघत बसती. म्हनून तिकडं तोंड केलंय." मला हसू फुटलं आणि मग ते बराच वेळ आवरेना. गोदाबाईला वाटलं, बाईलाही वेड लागलं.

त्या गोळ्या त्याने वर्ष उलटून गेल्यावरही स्वतःच्या हाताने घेतल्या. तपासणीत थुंकी साफ निघाली, तेव्हा कुंताने निरोप धाडला आणि मी गेले. ओसरीवर चढायच्या आधी सवयीने वळचणीकडे बघितलं. तिथे ताट नव्हतं, आणि गिलासही नव्हता. कुंता म्हणाली की ताट आत घ्यायचं ठरलं तेव्हा हे हटून बसले, बाईचा गिलास बाहेर राहनार असंल तर माझं ताटबी तिथंच राहू दे. गोदाबाई बरेच दिवस ऐकत नव्हती. मग एक दिवस तिनेच गिलास मोडीत दिला. मला चहा आला तो घरातल्या कपबशीत. गोदाबाई माझ्याशी बोलली नाही, पण समोर बसून राहिली. कुंता जेवायची राहिली होती, ती आपलं ताट घेऊन बसली. तिचं स्वतःचं. उष्ट्यात बसायचं किसनने बंद केलं होतं.

सगळे ओसरीवर होतो. चहा पिता पिता किसन खोकला.

कुंताचा घास हातातच राहिला. गोदाबाईची मान वर झाली. उत्तमने कप खाली ठेवला आणि माझाही कप ओठाशी थांबला. लेकरू तेवढं खेळत होतं. किसन पुन्हा खोकला, डोळ्यांत पाणी आलं, छातीवर हात ठेवला. मग त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"ठसका लागलाय," तो म्हणाला. "कायी असंल तर मीच सांगंन ना. प्या चहा."

आणि आम्ही चहा प्यायलो.